कोठार भरलेलं, तरी भूक

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचा प्रश्न अर्धाच राहिला: कोठारं भरलेली असताना युद्धात माणसं उपाशी कशी राहतात? तोंडी सांगून ते जमलं नसतं, म्हणून लिहितो.

2022 पूर्वी जगाच्या गहू-निर्यातीतला चौथ्या भागाहून जास्त वाटा रशिया आणि युक्रेन मिळून उचलत. युद्ध पेटलं तेव्हा बंदरं बंद पडून युक्रेनमध्ये सुमारे दोन कोटी टन धान्य अडकून पडलं. जुना माल हलेना, त्यामुळे नव्या पिकाला जागा मिळेना. गव्हात ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की राशीच्या पोटात ऊब धरते, मग बुरशी आणि शेवटी गुठळ्या. सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच बंद कोठारात, हवा खेळवायचे पंखे विजेवर चालतात आणि युद्धात आधी वीजच जाते. कोठाराला धक्काही न लागता धान्य असं वाया जातं.

जहाजाचं दुखणं वेगळंच. समुद्रात सुरुंग असले की युद्धजोखमीचा विमा परवडत नाही, आणि विम्याशिवाय मालक जहाज सोडत नाही. युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून सुखरूप बाहेर काढण्याचा करार 22 जुलै 2022 ला इस्तंबूलमध्ये झाला. रशिया, युक्रेन, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचे निरीक्षक मिळून प्रत्येक जहाज तपासत. तपासणी रेंगाळली की शंभरावर जहाजं रांगेत, आणि उभ्या जहाजाचंही भाडं चढतच राहतं. तरी वर्षभरात जवळपास 3 कोटी 30 लाख टन माल निघाला. 17 जुलै 2023 ला रशियाने अंग काढून घेतलं.

समजा, माल बंदरात पोचला. पण घेणाऱ्या देशाकडे डॉलर नसतील तर बँक एलसी (मालाचे पैसे देण्याची हमी) उघडत नाही आणि विकणारा माल उतरवत नाही. 2022 मध्ये श्रीलंकेत इंधनाची जहाजं पैशांवाचून किनाऱ्याबाहेर खोळंबली होती.

मला सर्वांत जास्त धास्ती खताची वाटते, कारण त्याची झळ उशिरा लागते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन, त्यात हवेतला नायट्रोजन मिसळून अमोनिया, अमोनियापासून युरिया. 100 किलो युरियात 46 किलो नायट्रोजन. गॅसचे भाव भडकले तेव्हा युरोपातले अमोनियाचे कारखाने थंडावले. मात्रा थोडी कमी केली तर भरल्या जमिनीत फारसं बिघडत नाही, कारण शेवटच्या पोत्याने उत्पन्न सर्वांत कमी वाढतं. हलक्या जमिनीत आधीच अर्धवट खत घालणाऱ्याने आणखी हात आखडला, तर मात्र पीक घटतं. आज न टाकलेल्या पोत्याचा हिशेब कापणीलाच कळतो. तोवर बातम्यांतून तो विषय गेलेला असतो.

शिवाय निर्यातबंदी. भारताने 13 मे 2022 ला गहू थांबवला. इंडोनेशियाने 28 एप्रिलला पाम तेल रोखलं आणि 23 मे ला बंदी उठवली. का? तिथल्या टाक्या भरल्या. पामची फळं तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावी लागतात, नाहीतर तेलातली आम्लता वाढते. गिरण्या फळं घेईनात, शेतकरी रस्त्यावर आले. देशाने दार लावलं की आधी आतल्याच शेतकऱ्याचा भाव पडतो, हे सरकारांना दरवेळी नव्याने कळतं!

राहिला दुष्काळ जाहीर करण्याचा प्रश्न. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष कडक आहेत: 20 टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि रोज 10,000 माणसांमागे 2 मृत्यू. लढाई चालू असलेल्या भागात कुपोषण ओळखण्यासाठी मुलांच्या दंडाचा घेर मोजायला आणि मृत्यू नोंदवायला जाणार कोण? सोमालियात जुलै 2011 मध्ये दुष्काळ जाहीर झाला तेव्हा त्यातले जवळपास निम्मे मृत्यू होऊन गेले होते.

आईला नमस्कार सांगा. पुढच्या फोनला उरलेलं विचारा.

तुमचा,
धाकटा