नानांचा पासवर्ड

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघा तसाच आहे. पत्र लिहितो आहे ते नानांसाठी, कारण त्यांचा हा हट्ट कळेल असा तुझ्याशिवाय कोणी उरला नाही.

गेल्या आठवड्यात नानांच्या ईमेलवरून ओळखीच्या सगळ्यांना निरोप गेला की, मी इस्पितळात आहे, तातडीने पैसे पाठवा. मला संशय आला तो पैशांमुळे नव्हे, तर शेवटच्या ‘आपला आभारी’ या शब्दांमुळे. नानांनी आजवर कुणाचे आभार मानले आहेत? (ती पेटी मी नेली नव्हती, हे याच निमित्ताने पुन्हा सांगतो.)

आपला ईमेल पत्ता कुठल्या चोरीत फुटला ते सांगणाऱ्या, सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन प्वन्ड’ या संकेतस्थळावर नानांचा पत्ता घालून पाहिला, तेव्हा तंबोऱ्याच्या तारा मागवल्या होत्या त्या दुकानाचे नाव निघाले. तिथेही त्यांनी ईमेलचाच पासवर्ड दिला होता. दुकानाची यादी चोरीला गेली की चोर डोके खाजवत बसत नाही. पत्ता आणि पासवर्डाची तीच जोडी यंत्राकरवी असंख्य ठिकाणी लावून पाहतो, आणि ईमेल उघडले की ‘पासवर्ड विसरलात?’ या एका दुव्याने बाकीची दारेही त्याला उघडता येतात. २००९ साली ‘रॉकयू’ या अमेरिकन कंपनीकडचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड फुटले आणि त्यांत सर्वाधिक वापरलेला १२३४५६ निघाला, हे सांगितल्यावर नाना म्हणाले, “माझा तसला नाही.”

तो काकूंचे नाव आणि लग्नाचे साल असा आहे, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या फेसबुकवर आहेत! खाते परत मिळाल्यावर त्यांनी त्यालाच शेवटी एक आकडा जोडला. अंदाज बांधणारी यंत्रे नेमके हेच करून पाहतात, असे मी म्हणालो, तर म्हणाले, “दिवसातून एकदा तिचे नाव लिहितो, तेही बंद करू?” यावर मी काय बोलणार?

माझे मत असे की, नाव राहू द्यावे, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांमधला एक शब्द म्हणून, आणि साल काढून टाकावे. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली चिन्हे आणि वारंवार बदल यांचा आग्रह धरणारे नियम लिहिले होते. २०१७ मध्ये संस्थेने ते बदलून लांबीवर भर दिला, आणि आपल्या सल्ल्याचा पश्चात्ताप होतो असे खुद्द बर यांनी सांगितले. प्रत्येक खात्याचा पासवर्ड मात्र वेगळा हवा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवावा. दूरदेशीचा चोर नानांचे कपाट उघडायला येणार नाही. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डानंतर फोनवर आलेला ओटीपीही मागण्याची सोय, मी सुरू करून दिली आहे, पण फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला तर नाना देतील, ही धास्ती आहेच. चोराने त्यांची पत्रे स्वतःकडे वळवण्याची सोयही करून ठेवली होती. पासवर्ड बदलूनही ती आपोआप जात नाही, म्हणून ती शोधून काढून टाकली.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला, वहिनींना नमस्कार. तुझ्या पासवर्डात वसतिगृहातल्या खोलीचा क्रमांक अजून आहे, हे मला पक्के ठाऊक आहे, तोही बदल.

रविवारी नानांना फोन कर. माझे ऐकत नाहीत, तुझे ऐकतील. दहाच्या आत कर, नंतर ते रियाजाला बसतात.

तुझा,
वसंत