खुर्ची काढा, मूल काढू नका

महोदय,

सध्या स्नेहसंमेलनांचे दिवस आहेत. परवा एका बालवाडीत संगीत खुर्ची पाहिली. पहिल्याच फेरीत बाद झालेला चार वर्षांचा मुलगा नंतर आईच्या पदरात तोंड खुपसून बसला, तो शेवटपर्यंत उठला नाही.

मी २६ वर्षं बालवाडी चालवली. सापाने गिळलं की सापशिडीचा पट उधळणारं एक तरी मूल दरवर्षी असायचंच. मग भाचीने जर्मनीहून एक खेळ आणला. ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग. तिकडे तो १९८६ साली निघाला. चार झाडं, ४० फळं, एक फासा. फाशावर चार रंग, टोपली आणि कावळा. रंग पडला तर त्या झाडाचं एक फळ तोडायचं, टोपली पडली तर कुठलीही दोन. कावळा पडला की त्याच्या चित्राचा एक तुकडा लावायचा. नऊ तुकडे जुळायच्या आत बाग रिकामी झाली तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले.

तो पाहून मी पुठ्ठ्यावर आंबा, पेरू, चिकू, जांभूळ काढले. फळं म्हणून बाटल्यांची रंगवलेली बुचं, कावळा जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर. आधी टोपली पडली की जो तो आंबेच उचलायचा. जांभूळ तसंच लगडलेलं राहायचं आणि कावळा जिंकायचा. आठवड्याभराने एक मुलगी शेजारणीला म्हणाली, ‘‘जांभळं घे की, लई राहिल्यात.’’ हरल्यावर रडारड व्हायची नाही असं नाही, पण राग कावळ्यावर निघायचा. तोही थोडाच वेळ. ‘‘बाई, त्याला भूक लागली असंल,’’ असं म्हणणारं कुणीतरी निघायचंच. काऊचा घास खाऊन वाढलेली पोरं ती!

एक अडचण मात्र येते. दांडगं मूल सगळ्यांचे डाव स्वतःच खेळू लागतं. म्हणून फासा ज्याच्या हातात, फळ त्यानेच निवडायचं. इतरांनी नुसतं सुचवायचं, असा नियम करावा लागला.

३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘जादुई पिटारा’ हा खेळातून शिकण्याच्या साहित्याचा संच आणला. प्रत्येक अंगणवाडीच्या खेळण्यांत असा एखादा पट असावा, एवढंच मागणं आहे.

आणि संमेलनात संगीत खुर्ची हवीच असेल, तर दर फेरीला खुर्ची काढा, मूल काढू नका. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. आमच्याकडे शेवटच्या खुर्चीवर सात जण मावले होते. खुर्चीचा एक पाय गेला, तो सुताराकडून बसवून घेतला.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, मिरज