कॅमेरा घ्यायचा म्हणताय तर…

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "जळगावला एका दुकानात ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, १६ पट झूम, स्वस्त पडतोय, घेऊन टाकू का?" मी नुसतं "थांबा" म्हटलं. का थांबा, ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

तुम्हाला फोन नको, छोटा कॅमेराच हवा, हे मला पूर्ण पटलंय. जन्मभर केळीच्या बागेत राबून तुमच्या बोटांना घट्टे पडलेत, फोनच्या काचेला ते स्पर्श कळतच नाहीत. उन्हात पडदा दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. दाबल्याचं बोटाला समजेल असं खरं बटण तुम्हाला हवं.

पण तो ४८ चा आकडा मनातून काढून टाका. एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके. आपण अल्बमला लावतो त्या ४ बाय ६ इंची फोटोला दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतं. भिंतीवर लावायला ८ बाय १२ इंचाचा करून घेतला तरी नऊच्या आत भागतं. एवढे स्वस्त कॅमेरे बहुतेकदा लहान सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चकतीवर, घेतलेलं चित्र आतल्या आत ताणून आकडा फुगवतात. त्यांचं झूमही नुसतं डिजिटल असतं, म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केलेला. बागेच्या बांधावरून घडाचा फोटो काढाल तर सगळं गिजबिज दिसेल.

ओळखायचं कसं, ते सांगते. लेन्सच्या भोवती बारीक अक्षरांत मिलिमीटर लिहिलेले असतात. ४.३-२१.५ असे दोन आकडे असतील तर भिंगच पुढे-मागे सरकतं; दुसऱ्याला पहिल्याने भागा, इथे पाच पट ऑप्टिकल झूम. एकच आकडा असेल तर झूम नाही असं धरा, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दुसरी परीक्षा दुकानातच करा. वीतभर अंतरावर बिलाची पावती धरून एक फोटो काढा आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचा एक. बटण अर्धं दाबून पडद्यावरची चौकट हिरवी झाली की मग पूर्ण दाबायचं. दोन्ही फोटोंतली अक्षरं वाचता आली पाहिजेत. केळीच्या पानावरच्या करप्याचे ठिपके तुम्ही कृषी सहायकांना दाखवता ना, त्यासाठी जवळचा फोकस लागतोच.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. तुमचा उजवा हात हल्ली जरा थरथरतो. झूम जितकं जास्त, तितकी ती थरथर फोटोत मोठी होऊन दिसते. म्हणून 'ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन' आहे का, हे विचारा. त्यात हाताच्या हालचालीच्या उलट भिंग सरकतं. नुसतं डिजिटल किंवा इलेक्ट्रॉनिक लिहिलं असेल तर फोटोसाठी त्यावर विसंबू नका. आणि या थरथरीमुळेच ३० पट झूमच्या मागेही लागू नका, पाच ते दहा पट भरपूर झालं. लांबचं टिपलं तरच फोटो चांगला, असं थोडंच आहे? चाळीसगावच्या छायाचित्रकार केकी मूस यांनी तर घरात टेबलावर रोजच्या वस्तू मांडून 'टेबलटॉप' फोटो काढले आणि जगभर नाव मिळवलं. त्यांचं घर आपल्याला एकदा सगळ्यांनी मिळून बघायचंच आहे.

आई, आता तुझ्या कानबाईच्या सणाबद्दल. रात्रीच्या जागरणाचे फोटो दरवर्षी पांढरेफटक येतात, कारण कॅमेरा आपणहून फ्लॅश मारतो आणि समईचा उजेड मरतो. फ्लॅश बंद ठेवायचा आणि कोपर गुडघ्यावर टेकवून काढायचा. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला बंदीच आहे. अशा अंधाराला सेन्सर मोठा हवा. साध्या छोट्या कॅमेऱ्यांत तो साधारण ६.२ बाय ४.६ मिमी असतो. 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० काढला त्यात हाच आहे. पण असे कॅमेरे महाग असतात, आणि खिशाला झेपत नसेल तर मी हट्ट धरणार नाही. हात स्थिर राहणं आधी.

बॅटरीचं म्हणाल तर पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा गावात सोयीचा, लाइट गेली तरी सेल कुठेही मिळतात. पण अडीनडीला सोडून एरवी त्यात साधे सेल घालू नका, लगेच उतरतात. चार्ज होणारे चार घ्या, दोन आत आणि दोन तयार. वेगळ्या बॅटरीचा असेल तर जादा बॅटरी त्याच दिवशी घ्या. ३२ जीबीचं कार्ड पुष्कळ झालं. आणि आपली धूळ! झूमची नळी आत-बाहेर होताना धूळ आत ओढते, म्हणून शेतातून आल्यावर मऊ ब्रशने झटकून चेनच्या पाकिटात ठेवायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा गाडीत मुळीच ठेवू नका.

आई, दुकानात तूही जा. चष्म्याशिवाय पडद्यावरची अक्षरं तुला दिसतात का, झूमची कळ अंगठ्याने फिरते का, ते तूच बघ. कॅमेरा तुम्हा दोघांचा आहे, बाबांच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा नाही.

आखाजीला मी येतेच आहे, तोवर थांबलात तर तिघं मिळून जळगावला जाऊ. थांबणं जमलं नाही तर दुकानातून व्हिडिओ कॉल करा आणि लेन्सवरचे आकडे मला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. बाबा, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या.

तुमची लेक