बंड्यास पत्र, बाळ रडतंय म्हणून

सिडको, नाशिक
रविवार, रात्री अकरा

प्रिय बंड्या,

परवा रात्री दीडला तुझा फोन आला, तेव्हा तू काय बोललास ते अर्धंही ऐकू आलं नाही. मागे तुझ्या पोराने टाहो फोडला होता, त्यातच सगळं कळलं. पाय पोटाशी ओढलेले, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद, मधूनच एक पाद आणि पुन्हा सुरू. बरोबर ना? आमच्याकडे हा कार्यक्रम दोन महिने रोज चालला. फोनवर धड सांगता येईना म्हणून कागद घेऊन बसलोय. थंडी अशी पडलीय की पेन धरवत नाही. वहिनींनाही वाचायला दे. काकूंना द्यायचं की नाही, ते वाचून तूच ठरव.

आमची चिमी पहिला सव्वा महिना नाशिकरोडला, हिच्या माहेरी होती. तिकडे किरकिर असायची, पण साधीच. वाजतगाजत सिडकोत आणलं आणि चौथ्या दिवसापासून संध्याकाळी साडेसहाला भोंगा. कंपनीचा चुकेल, हिचा नाही. दहा-साडेदहापर्यंत चालायचा. आई म्हणाली, घर पालटलं, दृष्ट लागली. सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडे होती तोवर असं कधी झालं नाही. मधल्या मध्ये आमची ही रडायची, आणि मी अंबडच्या कंपनीतून सुटलो की मुद्दाम पाथर्डी फाट्यावर चहाला थांबायचो. खोटं कशाला बोलू, घरी जायची भीतीच वाटायची.

पहिल्या आठवड्यात आम्ही जे केलं ते तू करू नकोस. आम्ही सगळं एकदम केलं. हिचं वरण बंद, वांगं बंद, हरभऱ्याची डाळ तर नावालाही नको. बाळंतशोपा, ओवा, शेक, धुरी. ग्राइप वॉटर. आईने सहाण काढली, मुरडशेंग आणि वेखंड उगाळायची तयारी केली. आणि एका रात्री दहाला मी स्वतः मेडिकलमध्ये जाऊन पावडरचा डबा आणि बाटली आणली, कारण शेजारच्या मावशी म्हणाल्या की दूध पुरत नाही म्हणून रडते. बाटली तिने गटागट संपवली, अर्धा तास शांत राहिली, मग आधीपेक्षा जोरात. अरे, मी रोज मशिनवर काम करणारा माणूस. मशिनवरचा जॉब, म्हणजे तयार होणारा नग, रिजेक्ट व्हायला लागला तर आपण सहा सेटिंग एकदम बदलतो का? एक बदलायचं, पाच नग काढायचे, मोजायचं. घरी मात्र सगळी अक्कल गहाण.

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी आधी वजन केलं. जन्माला 2 किलो 900, तेव्हा 4 किलो 300. मग विचारलं, दिवसाला किती लंगोट ओले होतात? सहापेक्षा जास्त, म्हटलं. म्हणाले, मग दूध पुरतंय, डबा कपाटात ठेवा. त्यांनीच सांगितलं की निरोगी, अंगाने भरणारं बाळ दिवसात 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त, आणि असं 3 आठवड्यांहून जास्त रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणायची पद्धत वेसल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1954 मध्ये पाडली. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. आता हिशेब कर. सव्वा महिना म्हणजे पाच-सहा आठवडे. चिमी नाशिकरोडलाच असती तरी भोंगा त्याच सुमारास वाजला असता. हे सासूबाईंना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. तुझं पोर पंचवीस दिवसांचं, म्हणजे तुझी खरी लढाई अजून पुढे आहे. घाबरवत नाही, तयारीत राहा.

मग ते म्हणाले, मला पाजताना बघू द्या. तिथली सिस्टर हिच्याजवळ बसली. दोन मिनिटांत तिने चूक पकडली. चिमी फक्त बोंडाचं टोक तोंडात धरायची आणि प्रत्येक घोटाला चुक-चुक असा आवाज यायचा. तो आवाज म्हणजे आत जाणारी हवा. सिस्टरने बाळाचं अख्खं अंग हिच्या पोटाला भिडवलं, नाक बोंडासमोर आणलं, आणि चिमीने जांभई दिल्यासारखा मोठा आ केल्यावरच पटकन जवळ घेतलं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा भाग तोंडात. आवाज बंद. नुसता घोट गिळल्याचा हलका ‘क’ ऐकू येत होता. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला, कारण महिनाभर तो चुक-चुक आवाज ऐकून मीच म्हणायचो, बघा कशी मजेत पितेय.

दुसरी चूक घड्याळाची. कोणीतरी सांगितलं होतं की दर पाच मिनिटांनी बाजू बदलायची, आणि ही इमानेइतबारे मोबाईलवर गजर लावायची. तुला हे पटकन कळेल, तुमच्या गोठ्यात तू वाढलास. गाय पिळताना पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या धारांना साय जास्त, हो ना? आईच्या दुधाचंही तसंच. सारखी बाजू बदलली की बाळ दोन्हीकडचं पातळच पितं. ते पोटातून भरभर पुढे सरकतं, त्यातली साखर न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जंतू ती आंबवतात आणि मग गॅस. चिमीची शी तेव्हा हिरवट आणि फेसाळ असायची, त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. आता एक बाजू तिने आपणहून सोडेपर्यंत तीच. मग ढेकर, मग दुसरी बाजू द्यायची, हवी तर घेईल. सकाळी हिचं दूध फवाऱ्यासारखं यायचं आणि चिमीला ठसका लागायचा, तेव्हा मागे उशा लावून रेलून पाजायला सांगितलं.

बाटलीवर डॉक्टर फार रागावले नाहीत. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोचीचं छोटं भांडं, वापरा म्हणाले. आणि बाटलीच असेल तर बाळाला उभट धरा, बाटली आडवी ठेवा पण बोंडात दूध भरलेलं राहू द्या, मध्ये मध्ये थांबा. पावडर मी कॉकटेल हलवावं तशी हलवत होतो, त्याचा फेस सगळा तिच्या पोटात. फेस बसू द्यायचा, आणि माप डब्यावर लिहिलंय तेच.

पथ्याचं ऐक, कारण वहिनींची उपासमार चाललीय असं तू म्हणालास. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. वरण-भात, भाजी, सगळं खाऊ द्या. चहाचं मात्र खरं आहे, त्यातलं कॅफिन दुधात उतरतं. आमची ही जागरणामुळे दिवसाला सहा कप घ्यायची, ते दोनवर आणले. गाईच्या दुधातलं प्रथिनही काही बाळांना बाधतं, पण त्याच्या खुणा वेगळ्या: शीमध्ये रक्त किंवा शेंब, अंगावर चट्टे. तसं असेल तर डॉक्टर आईचं दूध-दही काही आठवडे बंद करून बघतात. चिमीला यातलं काही नव्हतं, म्हणून हिचा दूध-शतावरीचा पेला चालू राहिला.

खरा पेच माझ्या आईचा होता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही नको, म्हणजे गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. आणि मध तर वर्ष होईपर्यंत जिभेलाही लावायचा नाही. त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते विष तयार करतात. आईने सहाण पदराने पुसली आणि काही न बोलता फळीवर ठेवली. ‘तुम्हा भावंडांना याच्यावरच वाढवलं,’ एवढंच म्हणाली. रात्रभर मला ते लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारलं, हिंग बेंबीभोवती बाहेरून लावला तर? लावा म्हणाले, पोट चोळल्याचा उपयोगच होईल. मग संध्याकाळी सहाला कोमट पाण्यात हिंग कालवून आईच लावू लागली, घड्याळाच्या दिशेने, हळू हळू, गाणं म्हणत. हिंगाने किती फरक पडला सांगता येत नाही. आईला पडला.

ढेकराचं काम माझ्याकडे. खांद्यावर उभी धरून पाठीवर हलका हात, पाच-सात मिनिटं. नाहीच आला ढेकर तर सोडून द्यायचं. फार रडली की हातावर पालथी, डोकं कोपराच्या घडीत, पोट माझ्या मनगटावर, आणि घरभर फेऱ्या. झोपवताना मात्र उताणीच.

कंपनीच्या जुन्या डायरीत मी रोज वेळ लिहायचो. नीट धरून पाजायला लागल्यावर आठ दिवसांत साडेतीन तासांचे दोन-अडीच झाले. तिसरा महिना संपता संपता नोंदी आपोआप बंद पडल्या. त्यात पाजण्याचा वाटा किती आणि दिवस सरण्याचा किती, हे मला डायरीवरून सांगता येणार नाही.

आणि एक, हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. एका रात्री साडेनऊला चिमीला धरलेले माझे हात एकदम ताठ झाले. मला कळलं की अजून मिनिटभर थांबलो तर मी तिला हलवीन, जोरात. पाळण्यात ठेवली, दार लोटलं, गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती रडत होती आणि मी समोरच्या गच्चीवरच्या टाक्या मोजत होतो. पाच मिनिटांनी परत गेलो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, बरोबर केलंत, रडण्याने बाळाला काही होत नाही, गदागदा हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होतो. तुझ्यावर अशी वेळ आली तर खुशाल ठेव आणि बाहेर जा. लाज बाळगू नकोस.

ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, पोट टणक फुगलं, दूध घेईना किंवा मलूल पडलं, तर माझं हे पत्र बाजूला ठेव आणि रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठ.

उद्याच वजन करून घे आणि आकडा मला कळव. दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढत असेल तर निम्मी काळजी मिटली.

तुझाच,
पम्या

ता. क. भांडी बाजारातून घेतलेलं एक चांदीचं बोंडलं पाठवतोय. आमच्याकडे ते फक्त दोनदा वापरलं. आणि मिक्सर लावून बघ, लांबून. आमची चिमी त्या आवाजाला हमखास गप्प व्हायची. त्या दोन महिन्यांत शेंगदाण्याचं कूट इतकं झालं की अजून संपलेलं नाही.