आरोग्याचे आकडे मोजणाऱ्यांनी स्वतःविषयीही लिहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य सर्वेक्षणांचे आकडे वर्तमानपत्रांत ठळक छापले जातात. इतक्या टक्के स्त्रियांना रक्तक्षय, इतकी मुले खुजी. ते कोणी, कोणाला, काय विचारून गोळा केले, हे मात्र बातमीत क्वचितच येते. गुणात्मक संशोधन, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती आणि निरीक्षणांतून संशोधन, करणारे अभ्यासक आपली जात, लिंग, शिक्षण यांचा निष्कर्षांवर काय परिणाम झाला असावा, याचा विचार लिहून ठेवतात. आकड्यांवर काम करणाऱ्यांकडून ती अपेक्षाच केली जात नाही. ती करायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

गडचिरोलीचे उदाहरण पाहा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असेच संशोधनात धरले जाई. आजार आधीही होते. काय मोजायचे हे ठरवणाऱ्यांच्या यादीत ते नव्हते. अंगावरून पांढरे जाते, हे बाई कोणाजवळ बोलणार? त्या जिल्ह्यात राहून काम करणारी स्त्री डॉक्टर समोर नसती, तर हा आकडा हाती आला असता असे मला वाटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचेही तसेच. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणारे हे काम मोलाचे आहे, याविषयी शंका नाही. पण १९९२-९३ आणि १९९८-९९ या पहिल्या दोन फेऱ्यांत मुलाखती झाल्या त्या लग्न झालेल्या स्त्रियांच्याच. दुसऱ्या फेरीत हिमोग्लोबिन तपासले, तेही लहान मुले सोडता या लग्न झालेल्या स्त्रियांचेच. अविवाहित मुली आल्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत. भर प्रजननावर होता, म्हणून ही निवड समजू शकते. तरी ती माणसांनी केलेली निवड होती, आणि तिच्यामुळे वीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीचा रक्तक्षय या सर्वेक्षणात तोवर दिसला नाही.

मी अनेक वर्षे अशा सर्वेक्षणांत पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरले आहे. मुलाखत घ्यायला गेलेल्या मुलीला आधी आडनाव विचारतात. पुढे मोकळे बोलणे होणार की नाही, ते बरेचदा तिथेच ठरते. समोर शिकलेली बाई बसली की ‘पाणी उकळून पिता का’ याला हो म्हटले जाते. सासू दारात असेल तर सून अर्ध्या प्रश्नांना मान हलवते. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला, एकांतात विचारायचे आणि एकांत मिळाला नाही तर सोडून द्यायचे, हा नियम म्हणूनच आहे. मग विचारणारी कोण होती, याची नोंद अहवालात ठळकपणे का नसावी?

नमुना मोठा असला की चुका आपोआप भरून निघतात, असे सांगितले जाते. इकडे-तिकडे झालेल्या चुका भरून निघतात, हे खरे. सगळ्या एकाच बाजूला झुकल्या असतील, किंवा प्रश्नच विचारलेला नसेल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीसारखी सहा लाखांवर घरे पालथी घालूनही ती उणीव तशीच राहते.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रबंधांपासून सुरुवात करता येईल. हेच प्रश्न का निवडले, ते कोणी विचारले, कोणते गट एकत्र केले, कोणाला वगळले, कोणत्या आकड्याखाली रक्तक्षय किंवा कुपोषण म्हणायचे ती रेषा माहिती पाहण्याआधी ठरवली की नंतर, पैसा कोणाचा होता, एवढे संशोधकाने एका पानात लिहावे. विद्यापीठाने ते पान सक्तीचे करावे. आणि पुढचा अहवाल येईल तेव्हा आपल्या बातमीदारांनी पत्रकार परिषदेत टक्केवारीच्या जोडीला एवढे जरूर विचारावे, की यात कोणाला विचारलेच गेले नाही?

आपली विश्वासू,
एक निवृत्त सर्वेक्षण पर्यवेक्षक, अकोला