अंगावर पाजणाऱ्या आईला निरंकार उपवास नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्थापना तोंडावर आली आहे. तुळजापूर, माहूरच्या वाटा आता भरू लागतील आणि दोन-तीन महिन्यांचे बाळ मांडीवर असलेल्या कितीतरी लेकी-सुना नऊ दिवसांचा उपवास धरतील, काही जणी तर निरंकार. आम्ही बाळंतिणींना स्तनपानाचे मार्गदर्शन करणाऱ्या परिचारिका आहोत. हरतालिका असो, नवरात्र असो की रमजान, घरोघरचे गैरसमज तेच असतात, म्हणून हे पत्र.

एकादशी-चतुर्थीसारख्या एका दिवसाच्या उपवासाने, पाणी आणि फराळ चालू असेल तर, दूध आटत नाही. आईच्या अंगातल्या साठ्यातून ते तयार होत राहते. उपाशीपोटीचे दूध बाळाला बाधते किंवा उन्हातून आलेल्या बाईचे दूध ‘तापलेले’ असते, यात तथ्य नाही. ते पिळून टाकू नये. दूध कमी होण्याचे खरे कारण वेगळेच असते. संध्याकाळी लहान बाळे एरवीही किरकिरतात, तासातासाला प्यायला मागतात. त्यात संकष्टी चतुर्थीचा चंद्रोदय रात्री उशिरा. आई थकलेली, बाळ रडते, आणि घरातली मोठी माणसे म्हणतात, “उपासानं दूध पुरंना झालंय, वरचं दूध द्या.” वरचे दूध पोटात गेले की बाळ अंगावर कमी पिते, स्तन रिकामे होत नाहीत आणि शरीर पुढचे दूध कमी बनवते. दोन-चार दिवस असे चालले की दूध खरोखरच घटते. म्हणून उपवासाच्या दिवशी पाजणे एकदाही चुकवू नये. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा बाळ अंगावर यायला हवे. रात्रीचे पाजणे तर मुळीच टाळू नये, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री आणि पहाटे जास्त असते.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून नव्हे, लघवीवरून ठरवावे. बाळ पाच दिवसांचे झाले की २४ तासांत किमान ६ वेळा फिकट लघवी व्हायला हवी. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, त्यामुळे उपवासाच्या दिवशी सुती लंगोट बांधावेत आणि भिजलेले वेगळे टाकून संध्याकाळी मोजावेत. लंगोट कमी भिजले, लघवी गडद झाली, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली किंवा बाळ सुस्त होऊन प्यायला उठेना, तर उपवास तिथेच सोडावा आणि बाळाला दवाखान्यात न्यावे. मात्र बाळाला वरून पाणी पाजू नये. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही त्याला पाण्याची गरज नसते.

पाण्याची गरज आईला असते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि फक्त अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. आपल्याकडच्या उन्हातला घाम वेगळाच. पाजायला बसताना भरलेला पेला शेजारी हवाच, दर वेळी २०० ते २५० मिली: साधे पाणी, ताक, लिंबू सरबत, जे चालते ते. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर निरंकार उपवास करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे, बाळ कमी दिवसांचे किंवा अडीच किलोच्या आतले असेल, जुळी असतील, आईला मधुमेह, ताप, स्तनात गाठ किंवा रक्त खूप कमी असेल, तर कोणताच उपवास नको.

नऊ दिवसांच्या उपवासात अडचण पोषणाची होते. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने जास्तीची लागतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने नाहीत. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम मिळतात. त्यामुळे राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, खजूर असे दर तीन तासांनी काही तरी पोटात जायला हवे. नुसत्या चहावर दिवस काढणे सर्वांत वाईट. पाजणारी आई पूर्ण उपाशी राहिली तर क्वचित रक्तातील आम्ल धोकादायक पातळीवर जाते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी त्याची लक्षणे असतात आणि घरात ते ‘पित्त’ म्हणून अंगावर काढले जाते. यात जीव जाऊ शकतो. लगेच दवाखाना गाठावा आणि बाळ अंगावर पीत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

भगरीचेही सांगायलाच हवे. सणावाराला भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत. ओलसर भगरीवर बुरशी धरते आणि तिचे विष शिजवूनही जाईलच असे नाही. सुटे, तयार पीठ घेऊ नये. तारीख पाहून बंद पाकिटातली भगर घ्यावी, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी.

बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. उपवासात त्या बंद करू नयेत. लोह आणि कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी घ्यावे, आणि लोह चहाबरोबर घेऊ नये.

नोकरीवर जाणाऱ्या आईने दर तीन तासांनी दूध काढावे. अशक्तपणा वाटतो म्हणून एक वेळ चुकवली की दूधही घटते आणि गाठही धरते. पंप नसला तरी चालते. हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीवर, काळ्या भागाच्या कडेला अंगठा व बोटे ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग अंगठा-बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. बोटे कातडीवर घासू नयेत आणि निपल ओढू नये. एका बाजूला ३ ते ५ मिनिटे, मग दुसरी, असे आलटून-पालटून २० ते ३० मिनिटे. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत हे दूध ४ तास टिकते, पण पत्र्याखालच्या खोलीत ही मुदत धरू नये. तिथे ते लगेच पाजावे किंवा फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत, ठेवावे. वीज सारखी जात असेल तर २४ तासांत संपवावे. गॅसवर गरम करू नये, कोमट पाण्यात वाटी ठेवावी आणि चमच्याने पाजावे.

रमजानमध्येही हेच लागू आहे. बाळंतपणाचा रक्तस्राव चालू असेपर्यंत रोजा धरायचाच नसतो आणि पाजणाऱ्या आईला स्वतःची वा बाळाची काळजी वाटत असेल तर तो नंतर करण्याची मुभा आहे. अंगावर पाजल्याने किंवा दूध काढल्याने रोजा तुटत नाही. जैन भगिनींना उकळलेले पाणी चालणारा तिविहार उपवास आहे. आणि पाणी, कंदमुळे, फळे, दूध, औषध यांनी व्रत मोडत नाही, असे आपल्या धर्मशास्त्रातले प्रसिद्ध वचनच आहे. बायकोचे व्रत नवऱ्याने चालवण्याची सोयही त्यात आहे. घरी तान्हे बाळ असेल त्या वर्षी ती जरूर वापरावी. आईचे मन फारच लागले असेल तर उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा उपवास, तोही फराळासह, पुरे.

नवरात्र मंडळांनी आणि मशिदींनी ही मुभा ध्वनिक्षेपकावरून एकदा तरी सांगावी, कारण सुनेने सांगितलेले घरात ऐकले जात नाही. आशाताई ४२ व्या दिवशी भेटीला येतात, तेव्हा पुढच्या महिन्यात कोणता उपवास आहे हे त्यांनी सासूबाईंसमोरच विचारावे, ही आमची आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपल्या,
स्तनपान मार्गदर्शन करणाऱ्या काही परिचारिका,
जि. परभणी