आधी क्लचचा स्विच बघ

पुणे,
८ ऑगस्ट

प्रिय सुध्या,

काल तुझा फोन ठेवला, पण मन तुझ्या मोटरसायकलमध्येच अडकलं. न्यूट्रलला एका सेल्फमध्ये सुरू होते, गिअरमध्ये क्लच दाबून बटण दाबलं तर टकसुद्धा आवाज नाही. आणि तू बॅटरी बदलायला निघालास! अरे थांब. बॅटरी खलास असती तर न्यूट्रललाही रडली असती. सेल्फची मोटर, तिला करंट सोडणारा रिले, सगळं ठणठणीत आहे.

हेच दुखणं गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीला झालं होतं. सिंहगडावरून भिजत येत होतो. नळस्टॉपला सिग्नलवर गाडी सेकंडमध्ये बंद पडली. मागे बसचा हॉर्न, वरून पाऊस, आणि बंद गाडीत न्यूट्रल काही सापडेना. गाडी पुढे-मागे हलवत, पायाने चाचपत कसाबसा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला, तेव्हा सुरू झाली. त्या दोन मिनिटांत खरंच घाबरलो होतो.

कारण अगदी एवढंसं निघालं. क्लच लिव्हरच्या खाली, लिव्हर जिथे बसतो तिथे, दोन वायरींचा एक छोटा स्विच असतो. त्याला तांदळाच्या दाण्याएवढी दांडी. लिव्हर दाबला की दांडी सुटते आणि बारीक 'टिक' होतं. गाडी गिअरमध्ये असताना ही टिक मिळाल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. माझी दांडी चिखलाने आतच चिकटून बसली होती. गाडी बंद कर, कान लिव्हरजवळ ने आणि हळूहळू दाबून बघ. टिक ऐकू येते का?

पण त्याआधी साइड स्टँड तपास, कारण त्याचाही स्विच याच साखळीत असतो. स्टँड वर घे, न्यूट्रलला सुरू कर, क्लच पूर्ण दाबून फर्स्ट टाक. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर स्टँडच्या स्विचकडे बघ, तिथे चिखल हमखास साचतो. चालूच राहिलं तर क्लचचाच स्विच धर. मार्चमध्ये तुझी गाडी डाव्या अंगावर पडली होती ना? लिव्हर जरा वाकला असेल तरी स्विच नीट सुटत नाही.

कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे सांधे साफ करायचा स्प्रे, मारून दांडी दहा-वीस वेळा आत-बाहेर कर. माझं काम तेवढ्यावर महिनाभर भागलं, मग नाना पेठेतून नवा स्विच आणून टाकला. दोन स्क्रू आणि वायरी जोडणारा एक कपलर, बस.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. मेकॅनिक म्हणेल, "साहेब, वायरी डायरेक्ट करून देतो, कटकटच नको." माझ्या मेकॅनिकनेही स्विच वगळून तशा थेट जोडल्या होत्या. तपासण्यापुरतं ठीक आहे, तेही मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवून. कायमचं नको. आठवड्यानंतर पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो, किल्ली लावलेली, स्टँड वर, गाडी फर्स्टमध्ये. आमच्या मनूने टाकीवर बसून लाडात बटण दाबलं आणि गाडीने पुढे उडी घेतली. हँडल माझ्या हातात होतं म्हणून भिंतीपाशी थांबली. मनूच्या गुडघ्यात आणि भिंतीत वीतभर अंतर होतं. त्याच संध्याकाळी वायरी सोडवून घेतल्या. तुझा धाकटाही रोज टाकीवर बसतो, म्हणून एवढं पाल्हाळ.

स्विचचा आणि कपलरचा फोटो आजच पाठव. शनिवारी नाना पेठेत जातोच आहे, जुळणारा मिळाला तर घेऊन तुझ्याकडे येतो. वहिनींना म्हणावं, जेवायलाच येईन.

तुझा,
अव्या